तिथेच उभा राहा, हलू नकोस!

बेटावर मुक्कामाला जायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाळू, लाटा आणि पोटावर पुस्तक ठेवून काढलेली डुलकी येते. माझ्या आईच्या डोळ्यांपुढे येतं खारं पाणी. पोहायला नव्हे. अँटेना अगदी काठाशी उभारली की समुद्राच्या पाण्यावरून रेडिओलहरी क्षितिजाला घासत लांबवर जातात, म्हणून. शिवाय निर्मनुष्य बेटावर कुणाचे चार्जर नाहीत, एलईडी दिवे नाहीत, त्यामुळे रेडिओत खरखर नाही. आई परवाना असलेली हॅम, म्हणजे हौसेखातर रेडिओवरून जगाशी बोलणारी आहे, त्यामुळे तंबूची जागा सावली किंवा वारा बघून ठरत नाही. आधी अँटेना, मग उरलेल्या जागेत कुटुंब. ही उरलेली जागा भरतीच्या टप्प्यात येते, हे मध्यरात्री पाय गार पडले की समजतं.

अँटेना म्हणजे एक सरकता फायबरचा खांब आणि त्याला बांधलेली पाचेक मीटर तार. आई बोलते त्या १४ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी साधारण वीस मीटर, तिचा हा चौथा हिस्सा. खाली वाळूवर चहूकडे आणखी तारा पसरायच्या. त्यांत अडकून बाबा तोंडावर आपटले, की आई धावत येते आणि विचारते, "तुटली नाही ना?" बाबा "नाही, ठीक आहे मी" म्हणतात. प्रश्न तारेबद्दल होता.

मग अँटेना जुळली की नाही हे दाखवणाऱ्या मीटरची परीक्षा. काटा तीनवर असेल तर धाडलेल्या शक्तीतला पाव हिस्सा माघारी येतो. दीडवर असेल तर चारच टक्के. एकदा काटा काही केल्या तीनवरून हलेना. मी दोरी सोडवायला खांबापाशी गेलो, आणि काटा घसरत दीडवर आला.

"अरे, तिथेच उभा राहा!"

"किती वेळ?"

"बँड उघडा आहे तोवर." म्हणजे लांबची स्टेशनं ऐकू येताहेत तोवर.

माणूस तारेजवळ उभा राहिला की अँटेनाचं गणित बदलतं, हे शास्त्र खरं आहे. माझ्या अंगातला हा एकमेव गुण आईला त्या दिवशी सापडला. डासांना तो आधीच ठाऊक असावा. मान खाजवायला हात उचलला तरी तंबूतून आईचा आवाज यायचा, "हात खाली!"

या सगळ्याला १९६४ साल जबाबदार आहे. बेटांवरून बोलणाऱ्या हॅमना गाठायचं, ही 'आयलंड्स ऑन द एअर' योजना त्या वर्षी जेफ वॉट्स या इंग्रज गृहस्थांनी काढली. ते स्वतः नुसतं ऐकणारे. बोलणाऱ्यांच्या घरी काय चालतं, हे त्यांना कुठून कळणार! तेव्हापासून बेटावरून 'सीक्यू', म्हणजे 'कुणीही बोला', अशी हाळी गेली, की अर्धं जग एकाच वेळी ओरडून उत्तर देतं. आई त्या कल्लोळातून एकेक कॉलसाइन, म्हणजे हॅमचं रेडिओवरचं नाव, उचलते आणि प्रत्येकाला सांगते, "फाइव्ह नाइन." म्हणजे तुमचा आवाज लख्ख येतोय. पुढच्याच श्वासाला म्हणते, "तुमचं कॉलसाइन परत सांगा, नीट ऐकू आलं नाही." मग 'सेव्हंटी थ्री', म्हणजे शुभेच्छा, की संपलं. हजारो मैलांवरचा माणूस सापडला आणि त्याला हवापाणीसुद्धा विचारलं नाही! घरी हीच बाई फोनवर मावशीशी तासभर बोलते.

आईचं मनगटी घड्याळ जागतिक वेळेवर चालतं. "साडेनऊला जेवू" म्हणाली की आम्ही "कुठल्या?" असं विचारून घेतो. सूर्यास्तालाही आम्ही बाकीचे पश्चिमेकडे तोंड करून बसतो, आणि ती त्याच्याकडे पाठ करून नॉबला चिकटते. तेव्हा वातावरणाचा दिवसभर लहरी गिळणारा थर विरतो, वरचा परतवणारा थर शाबूत असतो, आणि लांबची स्टेशनं एकदम वर येतात. "बघा, काय सुंदर!" असं ती ओरडली, की समजायचं, सूर्याबद्दल नाही.

महिन्याभराने एका परदेशी हॅमचं, बोलणं झाल्याची पोच देणारं कार्ड आलं. त्यावर हाताने लिहिलं होतं, 'उत्तम सिग्नल.' आईने ते माझ्यापुढे धरलं, "हे तुझ्यामुळे." मी फुललो, नाही असं नाही. तेवढ्यात ती बाबांकडे वळली. पुढच्या खेपेला तिला चाळीस मीटर बँडवर जायचंय, तार दुप्पट लांब लागणार.

"तुम्हीही जरा उभं राहायची सवय करा," ती म्हणाली.