धुक्यातला गृहस्थ

पाऊस नुकताच थांबला आहे, दिव्यांचा पिवळा उजेड ओल्या रस्त्यावर लांबवर सांडला आहे आणि दूरच्या इमारती धुक्यात विरत चालल्या आहेत, असे एक तैलचित्र काढण्याची बुद्धी मला कशी झाली, हे आता आठवत नाही. कामिय पिसारो या फ्रेंच चित्रकाराने १८९७ साली पॅरिसमधल्या एका हॉटेलच्या खिडकीतून एकाच रस्त्याची १४ चित्रे रंगवली होती. त्याला चौदा जमली, तर मला एक जमायला हरकत नसावी, असा मी हिशेब केला.

दूरच्या वस्तू फिकट व निळसर दिसतात आणि त्यांच्या कडा हरवतात, हे मला तोंडपाठ होते. तरीही पहिले तीन दिवस मी सर्वांत दूरच्या इमारतीच्या खिडक्या सर्वांत बारीक ब्रशने रंगवण्यात घालवले. त्यांतल्या एकीला तर पडदासुद्धा लावला. चौथ्या दिवशी डोळे किलकिले करून पाहिले, तेव्हा वातावरण म्हणून जे काही असते त्याच्या आड नेमक्या त्या खिडक्याच येत होत्या. पडद्यासकट सगळ्या पुसून टाकताना मला घर मोडल्याचे दुःख झाले.

मग राखाडी रंगाची पाळी आली. अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळले की सुरेख राखाडी मिळतो, तिथेच हात आवरावा. मी त्यात हिरवा घातला, तो मारायला लाल घातला आणि लाल मारायला पांढरा, तेव्हा पॅलेटवर जे उरले त्याला फक्त चिखल म्हणता आले असते. त्यात तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते, आणि त्या कामी त्याला माझ्याइतकी घाई नसते. वरचा प्रत्येक फटकारा खालचा ओला रंग उचलून घेत होता, त्यामुळे रस्त्यावर आकाश आले आणि आकाशात रस्ता गेला.

चित्रात जिवंतपणा यावा म्हणून दूरवर एक छत्रीधारी गृहस्थ उभा केला. सपाट रस्त्यावर उभ्या असलेल्या, आपल्याएवढ्याच उंचीच्या माणसांची डोकी, ती जवळ असोत वा दूर, क्षितिजरेषेवरच येतात, हा नियम मला त्याचे बूट रंगवून झाल्यावर आठवला. तोवर त्याचे डोके दुसऱ्या मजल्याला लागले होते. "अहो, हा दिवे लावायला आलाय का?" असे पत्नीने अगदी निरागसपणे विचारले. चिरंजीवांनी त्याला दिव्याला हात पुरतो का, तेही मोजून पाहिले.

शेवटी, रंग पुरेसा वाळल्यावर, मी त्या गृहस्थावर पांढरट धुक्याचा जाड थर चढवला आणि आश्चर्य म्हणजे चित्रात खरोखरच वातावरण उतरले. पाहुणे आता चित्रासमोर थबकतात आणि धुक्याची विशेष स्तुती करतात. मीही ती नम्रपणे स्वीकारत होतो; पण तैलरंगाचे थर काळ लोटेल तसे पारदर्शक होत जातात आणि झाकलेल्या आकृती पुन्हा दिसू लागतात, असे परवा वाचनात आले. तेव्हापासून येता-जाता मी त्या धुक्याकडे जरा जवळून पाहतो. छत्रीचे टोक पूर्वी दिसत नव्हते, असे मला वाटते.