ढाल म्हटलं की विषय संपला?

सकाळी एका मैत्रिणीचा फोटो शेअर केला होता. ती मूळची श्रीलंकेतल्या जाफन्याची, आता टोरांटोत असते, एकेकाळी आम्ही एकाच ऑफिसात होतो. फोटोत कंजी. कंजी म्हणजे आपली पेज: तांदूळ, पाणी, मीठ, बाकी काही नाही. १८ मेच्या सुमाराला जगभरातले श्रीलंकन तमिळ ती वाटतात, कारण २००९ मध्ये तिथल्या यादवी युद्धाच्या अखेरीस मुल्लिवायक्कालच्या किनाऱ्यावर अडकलेल्यांना शेवटी शेवटी तेवढीच मिळत होती. खुद्द श्रीलंकेत ती वाटली म्हणून २०२४ मध्येसुद्धा पोलिसांनी माणसं धरून नेली. पेज वाटली म्हणून!

तर त्या फोटोखाली आपल्याच एका कॉलेजमित्राची कमेंट: "एलटीटीईने लोकांना ढाल बनवलं होतं. आर्मी काय करणार?" पुढे हात जोडलेले. त्याला लाइकही पडले, आणि देणारेही आपलेच.

दिवसभर ते डोक्यातून जात नाहीये. लांबणार आहे, आधीच सांगते.

एलटीटीईचं आधी उरकून टाकते, नाहीतर अर्धे लोक इथेच थांबतील. हो, वाघांनी, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी सरकारशी लढणाऱ्या एलटीटीईने, लाखो माणसं आपल्याबरोबर फरफटत नेली आणि अडकवून ठेवली. पळून जाणाऱ्यांवर गोळ्या घातल्या. घराघरातून पोरं उचलून लढायला नेली. तोफा वस्तीत आणून डागल्या. श्रीपेरुम्बुदूरला १९९१ मध्ये राजीव गांधींना कसं मारलं ते तर आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे. त्यांच्या म्होरक्याबद्दल, प्रभाकरनबद्दल, माझ्या मनात तसूभरही माया नाही. झालं?

आता पुढचं. २१ जानेवारी २००९ ला श्रीलंकेच्या सैन्याने 'नो फायर झोन' जाहीर केला. आकाशातून पत्रकं टाकली, इथे या, इथे सुरक्षित राहाल. लोक गेले. आणि त्याच पट्ट्यात तोफगोळे पडायला लागले. मग दुसरा झोन, किनाऱ्यालगत. मग तिसरा, त्याहून चिंचोळा. एका बाजूला नंदिकडलची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूत खणलेल्या खड्ड्यांत बसलेली कुटुंबं. पुदुक्कुडियिरुप्पूच्या हॉस्पिटलचा ठावठिकाणा सैन्याला आधीच कळवलेला होता, तरी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यावर पुन्हा पुन्हा गोळे पडले. यावर संरक्षण सचिव गोताबया राजपक्षे टीव्हीवर काय म्हणाले? की झोनच्या बाहेर हॉस्पिटल असायलाच नको होतं. म्हणजे हॉस्पिटलने उठून चालत जायचं होतं बहुतेक.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. त्यात वाघांचे गुन्हे आहेत, माणसांचा आडोसा केल्याचेही आहेत. आणि त्याच अहवालात असंही आहे की शेवटच्या टप्प्यात बहुतेक नागरिक मेले ते सरकारी तोफमाऱ्यात. आकडा ४०,००० पर्यंत असू शकतो. ही दोन्ही वाक्यं एकाच कागदावर आहेत. आपण मात्र पहिलं वाचतो आणि कागद घडी करून ठेवतो.

मला सारखी माझी मावशी आठवतेय. २६/११ ला माझा मावसभाऊ ताजमध्ये किचनला कामाला होता. बुधवारी रात्री दहाच्या सुमाराला त्याचा फोन आला, "आई, आम्ही आत आहोत, दिवे घालवलेत, फोन करू नको." मग फोन बंद. लालबागच्या त्या खोलीत मावशी टीव्हीसमोर बसली ती बसलीच. मांडीवर मोबाइल, तोही चार्जरला लावलेला, वायर पुरेना म्हणून ती प्लगपाशी सरकून भिंतीला टेकलेली. गुरुवारी सकाळी शेजारचे काका आले. चांगला माणूस, आमच्या सगळ्यांची पोस्टातली कामं करून देणारा. टीव्हीकडे बघत म्हणाले, "एक बाँब टाकून मोकळे व्हा म्हणावं. उगाच कमांडो कशाला मारायचे?" मावशीने मानसुद्धा वळवली नाही. म्हणाली, "टाका. पण आधी माझ्या पोराला बाहेर काढा, मग टाका."

काकांना ऐकू आलं आणि ते गप्प झाले. त्यांना सेकंदभर विसरच पडला होता की आत कोण आहे.

ताज, ओबेरॉय, नरिमन हाऊस. त्या अतिरेक्यांनी माणसं ओलीस धरली होतीच ना? त्यांच्या आडून गोळीबार केला होताच ना? मग इमारत उडवून देऊन "त्यांनी ढाल बनवलं, आम्ही काय करणार" असं कुणी का म्हटलं नाही? एनएसजीचे जवान एक एक दार, एक एक मजला करत गेले. मेजर संदीप उन्नीकृष्णन गेले, हवालदार गजेंद्रसिंग बिश्त गेले. साठ तास लागले. आणि आपण सगळ्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं ते याचसाठी की आतल्यांचा जीव वाचवायला त्यांनी स्वतःचा पुढे केला.

मान्य, हॉटेल आणि रणांगण एक नाही. पोलिसी कारवाईचे नियम वेगळे, युद्धाचे वेगळे. युद्धात नागरिक मरतात आणि प्रत्येक मृत्यू हा गुन्हा नसतो, हेही मान्य. पण युद्धाचे नियम म्हणजे नियमच नाहीत असं कुणी सांगितलं?

चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम २८ सांगतं की माणसांच्या आडोशाने एखादी जागा हल्ल्यापासून वाचवता येणार नाही. १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलचं कलम ५१ तेच आणखी सविस्तर सांगतं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यावर चालतं त्या रोमच्या कायद्यात असा आडोसा करणं हा युद्धगुन्हा आहे. टीव्हीवरचे लोक इथपर्यंत येतात. पण त्याच कलम ५१ चं आठवं पोटकलम कुणी वाचतच नाही: समोरच्याने नियम मोडला म्हणून नागरिकांबाबतची तुमची जबाबदारी संपत नाही. हल्ल्यातून मिळणारा लष्करी फायदा आणि मरणारी माणसं यांचा हिशेब तुम्हाला मांडावाच लागतो. ज्याला जबरदस्तीने पुढे उभं केलंय तो नागरिकच राहतो. श्रीलंकेने त्या प्रोटोकॉलवर सही केलेली नाही, बरोबर. आपणही केलेली नाही. पण नागरिकांना लक्ष्य करू नका, बेछूट मारा करू नका, हे सही न करणाऱ्यांनाही बंधनकारक मानलं जातं. एवढं समजायला वकील व्हावं लागत नाही, मावशी चौथी शिकलेली होती.

आणि खरं सांगू, राग मला श्रीलंकेचा तेवढा नाही येत. आपला येतो. ९ एप्रिल २०१७ ला काश्मीरमध्ये, बडगामला, आपल्या सैन्याने एका माणसाला जीपच्या पुढे बांधून गावोगाव फिरवलं. दगडफेक करणाऱ्या जमावातून निवडणूक कर्मचाऱ्यांना बाहेर काढायचं होतं, असं सैन्याचं म्हणणं. तो माणूस म्हणत होता, मी तर मत देऊन आलो होतो. त्या जवानांची अडचण मला समजते, त्यांच्या जागी उभं राहणं सोपं नाही. पण त्या चित्राचे टी-शर्ट विकायला आले होते, आठवतंय? आपल्याच ग्रुपवर लिंक फिरली होती. तेव्हा 'ढाल' हा गुन्हा नव्हता, तेव्हा ती आयडिया होती. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आपल्याच सैन्याला बजावलं होतं की पॅलेस्टिनी शेजाऱ्याला पुढे घालून दार वाजवायला लावायचं नाही, तो 'हो' म्हणाला तरी नाही. तरी जून २०२४ मध्ये वेस्ट बँकमधल्या जेनिनला जखमी पॅलेस्टिनी माणूस इस्रायली सैन्याच्या जीपच्या बॉनेटवर बांधलेला सगळ्या जगाने पाहिला. हमासने वस्तीखाली बोगदे खणले, तेही पाहिलं. प्रत्येकाला दुसऱ्याची ढाल दिसते.

(लिहिता लिहिता मित्राचा मेसेज आला, "चिडलीस का?" हो रे, चिडलेय. पण तू वाईट नाहीस. कोविडमध्ये ऑक्सिजन सिलिंडर खांद्यावर घेऊन जिने चढणारा तू. म्हणूनच तर एवढं लिहितेय, दुसऱ्या कुणाला सरळ ब्लॉक केलं असतं.)

एक गोष्ट मात्र बहुतेकांना माहीत नसेल. त्याच २००९ मध्ये श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पुल्मोडाईला आपल्या देशाने वैद्यकीय पथक पाठवलं होतं. रेडक्रॉसच्या बोटीतून आणलेले जखमी आपल्या डॉक्टरांनी तपासले, ऑपरेशनं केली. अभिमानाची गोष्ट आहे. आणि २७ मे २००९ ला, युद्ध संपून दहा दिवसही झाले नव्हते, तेव्हा मानवी हक्क परिषदेत श्रीलंकेची पाठ थोपटणाऱ्या ठरावाच्या बाजूने आपण मत दिलं. २०१२ मध्ये मत फिरवलं, श्रीलंकेच्या विरोधातल्या ठरावाला पाठिंबा दिला, पण तोवर त्या झोनमधल्या सरकारी डॉक्टरांना पकडून, पत्रकारांसमोर बसवून, "आम्ही आकडे फुगवून सांगितले" असं म्हणायला लावून झालं होतं. आत राहून जखमा शिवणारे हेच डॉक्टर!

"मग तू काय केलं असतंस?" असं विचारायला खाली येणार असाल तर उत्तर आत्ताच देते. माणसांना जिथे बोलावलं तिथे तोफा डागल्या नसत्या. सप्टेंबर २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकांना वन्नीतून, म्हणजे उत्तरेकडच्या त्या युद्धाच्या भागातून, बाहेर काढलं नसतं, कारण बघणारा कुणी असला की तोफेचा हात जरा आवरतो. आत किती माणसं आहेत ते मुद्दाम कमी करून सांगितलं नसतं. शेवटी छावण्यांत पावणेतीन-तीन लाख निघाली, अन्न आणि औषधं मात्र जात होती त्या खोट्या आकड्याच्या हिशेबाने. समुद्राकडून आणखी बोटी येऊ दिल्या असत्या. युद्ध कदाचित आणखी काही महिने चाललं असतं, आणखी जवानही गेले असते. हो, गेले असते. ते मी नाकारत नाही.

आणि राजीव गांधींचं काय, हे विचारणाऱ्यांनी वरचा चौथा परिच्छेद वाचून यावं. तरीही विचारलंत तर उत्तर देणार नाही.