पगार कापला, भाडं मात्र तेवढंच

आमचं लहानपण कंपनीच्या क्वार्टरमध्ये गेलं. बाबा ज्या कारखान्यात, त्याचंच घर, त्याचंच पाणी, त्याचाच दवाखाना. युनियनचा विषय निघाला की आई दार लोटून घ्यायची. म्हणायची, "हळू बोला हो, भिंती कंपनीच्या आहेत." संपाची कुणकुण लागली की तिचा पहिला प्रश्न पगाराचा नसायचा. "क्वार्टर सोडायला लावतील का?"

परवा एका मित्राने 'जुने मालक कामगारांना लेकरासारखं सांभाळायचे' छापाची पोस्ट टाकली. मला शिकागोच्या दक्षिणेचं पुलमन गाव आठवलं. रेल्वेचे झोपायचे आलिशान डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमनने ते १८८० पासून कामगारांसाठी वसवलं. विटांची नेटकी घरं, नळ, गॅस, बाग, वाचनालय. त्या काळच्या शिकागोतल्या कामगार वस्त्यांपुढे हे स्वर्गच, हे मान्य करायलाच हवं. फक्त या स्वर्गातली एकही वीट राहणाऱ्याच्या मालकीची नव्हती. घर विकत मिळत नसे, वाचनालयाला वर्गणी, चर्चलासुद्धा भाडं. दारू मिळायची ती एका हॉटेलात, आणि त्या हॉटेलाला नाव मालकाच्या मुलीचं! कोण काय बोलतो हे वर कळवणारी माणसंही गावात होती. आईचं वाक्य तिथे चपखल बसलं असतं.

१८९३ मध्ये मंदी आली. कंपनीने पगार सरासरी पाव हिश्श्याने कापले. भाडं एक सेंटही उतरलं नाही. पुलमनचं म्हणणं असं की, पगार देणारी कंपनी वेगळी आणि घरमालक वेगळा, दोघांचा संबंध नाही. गंमत म्हणजे पगाराच्या दिवशी हा संबंध बरोबर जुळायचा. दोन चेक निघायचे, एक भाड्याचा आणि एक उरलेल्या पैशांचा. भाड्याचा चेक तिथल्या तिथे सही करून परत द्यायचा. भाडं वजा जाऊन एकाच्या हातात २ सेंटचा चेक पडला. त्याने तो वटवला नाही, फ्रेम करायचं ठरवलं. पुढे सरकारी चौकशी आयोगासमोर ही साक्ष झाली. त्याच सुमारास भागधारकांचा लाभांश मात्र २५ लाख २० हजार डॉलरवरून २८ लाख ८० हजारांवर गेला.

मे १८९४ मध्ये गाऱ्हाणं घेऊन गेलेल्यांपैकी तिघांना कामावरून काढलं आणि ११ तारखेला संप झाला. युजीन डेब्सच्या अमेरिकन रेल्वे युनियनने साथ दिली. जूनअखेर देशभरातले रेल्वे कामगार पुलमनचे डबे असलेल्या गाड्यांना हात लावेनात. मग टपाल अडतं म्हणून राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडनी इलिनॉयच्या, म्हणजे शिकागो ज्या राज्यात येतं त्याच्या, गव्हर्नरचा विरोध डावलून शिकागोत फौज उतरवली. त्यांचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य वकील, ऑल्नी आधी रेल्वे कंपन्यांचे वकील होते, हे वेगळं सांगायला नको. गोळीबारात माणसं मेली, डेब्सला सहा महिने तुरुंग. परत कामावर यायचं तर युनियन सोडल्याची सही करून. आणि फौज शिकागोत उतरण्याच्या पाच-सहा दिवस आधीच, २८ जूनला, याच क्लीव्हलंडनी कामगार दिनाच्या राष्ट्रीय सुट्टीवर सही केली होती!

युनियनलाही मी सोडणार नाही. पुलमनच्या डब्यांत प्रवाशांच्या गाद्या घालणारे, बूट पुसणारे पोर्टर जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारत, म्हणजे मालकाच्याच नावाने. डेब्सने आग्रह धरूनही युनियनने कृष्णवर्णीयांना सभासद करून घेतलं नाही, तेही थोडक्या मतांनी. संप मोडायची निम्मी सोय तिथेच झाली, असं माझं मत. पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ या कृष्णवर्णीय कामगार नेत्याच्या नेतृत्वाखाली स्वतःची संघटना काढली. कंपनीला करारावर सही करायला लावायला १९३७ उजाडलं.

पुलमन १८९७ मध्ये गेला. कामगार शव उकरतील या धास्तीने घरच्यांनी त्याला काँक्रीट आणि पोलादी रुळांच्या थराखाली पुरलं. पुढच्या वर्षी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डबे बनवायच्या सनदेवर गाव बाळगता येत नाही, कारखान्याला न लागणारी मालमत्ता विका. मग हळूहळू ती घरं राहणाऱ्यांची होऊ लागली.

आमचं क्वार्टर बाबा निवृत्त झाल्यावर तीन महिन्यांत रिकामं करायचं होतं. टेम्पो दारात उभा होता आणि आई पकडीने भिंतीतले खिळे उपसत होती. बाबा वैतागून म्हणाले, "अगं, राहू दे ते." ती म्हणाली, "खिळे आपले आहेत."