क्लास मोजून ऑन्टॉलॉजी पास करू नका

ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या विषयातल्या वस्तूंचे वर्ग (क्लास) आणि त्यांच्यातले संबंध संगणकाला कळतील असे मांडलेला आराखडा. तिच्याबद्दल सध्या फिरणारा मेसेज तुम्हालाही आला असेल: ‘ऑन्टॉलॉजीचा दर्जा बघायचाय? क्लास मोजा, रिलेशनशिप रिचनेस काढा, रीझनर चालवा. तिन्ही ठीक, तर ऑन्टॉलॉजी उत्तम.’ सोलापुरी चादरी-टॉवेलांच्या कॅटलॉगसाठी ऑन्टॉलॉजी बांधताना मीही हेच धरून बसलो होतो.

आधी क्लास. लाल चादर, निळी चादर, हिरवी चादर असे क्लास पाडले की आकडा फुगतो. रंग हा गुणधर्म केला की तो उतरतो, आणि काम उलट सोपं होतं. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या संग्रहात साडेतीन लाखांवर संकल्पना आहेत, कारण रुग्णालयांना त्या लागतात. आपल्याला कशाला?

रिलेशनशिप रिचनेस म्हणजे उपवर्गाचे सोडून उरलेले संबंध भागिले एकूण संबंध. माझे उपवर्गाचे ४०, इतर १०, उत्तर ०.२०. मग त्या दहाही संबंधांना ‘विणतो’ला ‘विणली जाते’ अशा उलट जोड्या लावल्या. उत्तर ०.३३, माहितीत भर शून्य!

खरी गंमत रीझनरची, म्हणजे लिहिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढणाऱ्या प्रोग्रामची. मी मुद्दाम ‘टॉवेल’ला ‘चादर’चा उपवर्ग केलं. माझा रीझनर हर्मिट गप्प. गप्पच राहणार, दोन्ही वर्ग डिसजॉइंट आहेत, म्हणजे एकही वस्तू दोन्हींत असू शकत नाही, हे मी कुठं सांगितलं होतं? ते लिहिल्यावर प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘टॉवेल’ हे नाव विसंगतीची खूण म्हणून लाल झालं. म्हणजे रीझनर विसंगती पकडतो, चूक नाही.

दुसरी चूक तर त्याला कधीच दिसली नसती. ‘चादर’ मी ‘विक्रीचा माल’च्या खाली ठेवली होती. मग आईच्या अंथरुणातली चादर, जी कुणी विकणार नाही, ती चादरच नाही? ग्वारिनो आणि वेल्टी यांची ऑन्टोक्लीन पद्धत नेमकं इथं बोट ठेवते. विक्रीचा माल ही भूमिका, ती येते-जाते; चादरपण जात नाही. भूमिकेच्या पोटात चादर बसत नाही.

मोजायचंच तर आधी प्रश्न लिहा. ग्रुनिंगर आणि फॉक्स यांनी १९९५मध्येच सांगितलंय: ऑन्टॉलॉजीला कोणते प्रश्न सुटायला हवेत, ते ठरवा. चाटी गल्लीतल्या एका दुकानदाराने मला विचारलं, ‘जेकार्डवरची, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी सुती चादर कोणत्या मापात मिळंल?’ माझ्या ऑन्टॉलॉजीत माग होता, धागा होता, रंग होता. मापाला जागाच नव्हती.