ड्रीमकास्ट पायरसीमुळे बुडालं? तारखा जुळत नाहीत

जुन्या गेमिंगचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं: "सेगा कंपनीचं ड्रीमकास्ट हे गेमचं यंत्र झकास होतं, पण त्यावर कॉपी केलेल्या सीडी कुलूप तोडणारी चिप न बसवताच चालायच्या. पायरसीनेच ते संपवलं." यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणून ते पटतंही.

चोरवाट होती, आणि ती सेगानेच ठेवली होती. गेम यायचे साधारण 1 जीबीच्या जीडी-रॉम या खास डिस्कवर. ती घरच्या बर्नरवर बनत नसे. पण गाण्यांसोबत व्हिडिओ दाखवणाऱ्या मिल-सीडीसाठी यंत्र साध्या सीडीवरूनही सुरू होई. तशा सीडी बाजारात आल्या मोजक्याच. हॅकरांनी मात्र 2000 च्या मध्यावर ती वाट शोधली.

उत्पादन बंद करण्याची घोषणा झाली 31 जानेवारी 2001 ला. म्हणजे पायरसीला मिळाले जेमतेम सहा-सात महिने, तेही डायल-अपच्या काळात. 56के मोडेमवर 700 एमबी उतरवायला, लाइन न तुटता, दिवसाहून जास्त लागतो! सेगा त्याआधीच काही वर्षं सलग तोट्यात होती.

"यंत्र तोट्यात विकायचं आणि गेमवर कमवायचं, ती कमाईच चोरांनी नेली," हाही युक्तिवाद होतो. गणित बरोबर आहे, निष्कर्ष नाही. फुकट्यालाही यंत्र विकतच घ्यावं लागतं. पायरसी हेच कारण असतं तर यंत्रं खपली असती आणि गेम पडून राहिले असते. इथे यंत्रंच उठत नव्हती. 199 डॉलरचं यंत्र 149 वर आणलं, पुढे 99 वर.

गिऱ्हाईक थांबलं होतं सोनीच्या प्लेस्टेशन 2 या यंत्रासाठी. ते 299 डॉलरचं, पण घरात डीव्हीडी प्लेअरही येत होता. सेगाने डीव्हीडी टाळून किंमत खाली ठेवली. 1998 मध्ये तो निर्णय शहाणपणाचाच होता, दोन वर्षांत तोच अंगाशी आला. शिवाय सेगाचीच आधीची 32एक्स आणि सॅटर्न ही फसलेली उत्पादनं घेऊन हात पोळलेले लोक तिसऱ्यांदा सेगावर विश्वास कशाला ठेवतील?

आणि पायरसीच जीवघेणी असती तर पहिलं प्लेस्टेशन आधी मेलं असतं. मॉडचिप (ती कुलूप तोडणारी चिप) आणि नकली डिस्क यांचा त्यावर सुळसुळाट होता, तरी ते 10 कोटींवर खपलं.

राहिला ईए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही गेम बनवणारी बडी कंपनी. या कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही गेम काढला नाही. मॅडन नाही, फिफा नाही, म्हणजे अमेरिकन फुटबॉल आणि फुटबॉलचे त्यांचे गाजलेले गेमच नाहीत. आणि हे पहिली नकली सीडी चालण्याच्या आधीच ठरलेलं होतं.