बत्तीस तुकड्यांचा जाच

घरात रिकामा माणूस दिसला की त्याच्या हाती काहीतरी द्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. शेंगा सोलायला द्यायच्या, मेथी निवडायला द्यायची, तेही जमत नसेल तर दुधावर लक्ष ठेवायला बसवायचं. बँकेतून निवृत्त होताना मी या सगळ्याची मनाची तयारी केली होती. माझ्या हाती आली फूटबॅग.

फूटबॅग म्हणजे पायानं उडवायची, दाणे भरलेली छोटी कापडी गोळी. व्यास पाच सेंटिमीटरच्या आसपास, वजन पन्नास ग्रॅमच्या आगेमागे. हात लावायचा नाही आणि जमिनीवर पडू द्यायची नाही, एवढाच नियम. माझा भाचा बडोद्याच्या कलाभवनात इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेज हाकेच्या अंतरावर म्हणून आमच्याकडे दांडिया बाजारात राहतो. ज्या दांडिया बाजारात माणिकरावांच्या आखाड्यात पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी लाठी फिरवली, मल्लखांबावर घाम गाळला, तिथं हा अंगणात एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाच्या चवड्यावर ही गोळी झेलतो. आईनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "अरे, त्याला काहीतरी चावलंय बघ" म्हणत तिनं मला हळद आणायला आत पिटाळलं.

"मामा, हा खेळ गुडघ्यांसाठीच जन्मलाय," भाच्यानं एकदा मला सुनावलं. १९७२ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जॉन स्टॉलबर्गर नावाचा गृहस्थ गुडघ्याच्या ऑपरेशनमधून सावरत होता. माइक मार्शल नावाचा एक तरुण हातानं शिवलेली पिशवी पायानं उडवत असे, ते त्यानं पाहिलं आणि दोघं मिळून खेळू लागले. गुडघा सुधारला, वर धंदाही उभा राहिला. 'हॅकी सॅक' हे नाव त्यांचंच. पुढे १९८३ साली ते फ्रिस्बीवाल्या वॅम-ओ कंपनीनं विकत घेतलं. हे सगळं भाचा माझ्या गुडघ्यांकडे बघत सांगत होता. मार्शल १९७५ सालीच, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, हृदयविकारानं गेला, हा भाग मात्र त्यानं वगळला. तो मी नंतर स्वतः शोधून काढला.

दुकानात मिळणाऱ्या फूटबॅगा भाच्याला चालत नाहीत. त्या पोरखेळासाठी, असं त्याचं मत. खरा गडी हातानं शिवलेली बॅग वापरतो आणि तीही बत्तीस तुकड्यांची: वीस षटकोन, बारा पंचकोन, फुटबॉलची असते तीच रचना. घरात सुई कोणाच्या हाती शोभते हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मामी, तुझ्यासारखी शिवण अख्ख्या बडोद्यात कोणाची नाही."

माझ्याशी लग्न झाल्यापासून असं वाक्य हिच्या कानी पडलं नसावं. ही लागलीच तयार झाली. मग गणित समोर आलं. बत्तीस तुकड्यांच्या शिवणी होतात नव्वद. पाच सेंटिमीटरच्या बॅगेत एकेक शिवण जेमतेम एक सेंटिमीटरची. सगळ्या एकापुढे एक मांडल्या तर जवळजवळ एक वार भरतो आणि तो वार कुठंही सरळ जात नाही, दर सेंटिमीटरला वळतो. तिकडचे खेळाडू अल्ट्रास्वेड नावाचं कृत्रिम चामडं वापरतात. आम्ही मंगळबाजारापासून लहरीपुऱ्यापर्यंत हिंडून सोफ्याच्या कापडाच्या नमुन्यांचं जुनं पुस्तक पैदा केलं. त्यातल्या मरून कापडाचे पंचकोन निघाले, बदामी कापडाचे षटकोन. उलट्या बाजूनं शिवत जायचं, शेवटी एक फट ठेवायची, तिच्यातून सगळं सुलट करायचं, दाणे भरायचे आणि ती फट टाका दिसणार नाही अशी मिटवायची. टाका दिसणार नाही एवढं ऐकल्यावर ही चष्म्याच्या दुकानात जाऊन नवा नंबर काढून आली.

भरायचं काय, यावर घरात दोन तट पडले. आई मोहरीच्या बाजूची. भाचा म्हणाला, धान्याला दमट हवेत कीड लागते, शिवाय भिजलं तर मोड येतील. मोड आलेली फूटबॅग या कल्पनेवर मी एकटाच हसलो. अखेर प्लॅस्टिकचे दाणे ठरले. बडोदं पेट्रोकेमिकलचं गाव असल्यानं असले दाणे मिळायला वेळ लागत नाही. भाच्याच्या एका मित्राच्या वडिलांचा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत छोटा कारखाना आहे, त्यांनी पिशवीभर फुकट दिले. वजनासाठी त्यात सायकलवाल्याकडचे थोडे छर्रे पडले.

बॅग झाली आणि सगळ्यांनी हातात घेऊन वाखाणली. भाच्यानं ती पायाच्या चवड्यावर सोडली. ती टुणकन उडून तुळशीवृंदावनाच्या पलीकडे गेली.

"मामी, शिवण फारच घट्ट आहे."

"माझी शिवण उसवत नाही," ही म्हणाली. ते तिनं कौतुक म्हणून घेतलं होतं.

इथून माझा प्रवेश. कारण मला समजावण्यात आलं ते असं: नव्या बॅगेचं कापड ताठ असतं, शिवणी ताणलेल्या असतात, आत दाण्यांना हलायला जागा नसते. म्हणून ती पायावर आपटली की परत उसळते. कापड सैलावलं की दाणे एकमेकांवर घासत सरकतात, आदळण्याचा सगळा जोर तिथेच जिरतो आणि बॅग पायावर पसरून गप्प बसते. फ्रीस्टाइल खेळातली निम्मी करामत अशी बॅग पायावर थांबवण्यावर उभी आहे. थोडक्यात बॅग रुळवावी लागते, आणि रुळवायला लागतो वेळ. "तू दिवसभर घरीच असतोस ना, मामा," भाचा म्हणाला. मी बायकोकडे बघितलं. ती दोरा गुंडाळत होती.

आपल्याकडे रुळवण्याचा अनुभव म्हणजे नवी कोल्हापुरी. तिला तेल पाजायचं, रात्री दाराआड ठेवायची, चार दिवस चावून घ्यायचं आणि मग ती आपली होते. फूटबॅगेत हा करारच उलटा. चावते मला, आणि आपली होणार भाच्याची. वर तेल लावायचं नाही. वरवंट्यानं ठेचायची नाही, दाणे फुटतात. दाराच्या फटीत चेपायची नाही, शिवणीवर ताण एकाच जागी येतो. मी सुचवलेला प्रत्येक उपाय या ना त्या कारणानं बाद झाला. उरलं काय, तर हात. मुठीत धरायची, अंगठ्यानं एकेक तुकडा दाबायचा, फिरवायची, पुन्हा दाबायची. खुर्चीत बसल्यावर तळपायाखाली घेऊन लाटायची. मध्ये एकदा कोमट पाण्यात साबण घालून धुतली, त्यानं कापड थोडं नरमतं म्हणे. धुण्यानं आतल्या छऱ्यांना गंज चढेल की काय या काळजीनं भाच्यानं ती मामीच्या हेअर ड्रायरपुढे बसून वाळवली. स्वतःचा टॉवेल तो आजतागायत वाळत घालत नाही.

मी मनापासून काम केलं, हे नमूद करून ठेवतो. शेवउसळीच्या रांगेत उभा असताना खिशात हात घालून बॅग दाबत होतो. पुढचा माणूस दोनदा वळून बघून गेला. वीजबिल भरायला गेलो तर तिथल्या बाईंनी विचारलं, "काका, टेन्शन छे?" सोसायटीच्या बैठकीत कोणी पार्किंगचा विषय काढला की माझी मूठ आपोआप जोरात चालायची, बॅग रुळवण्याच्या दृष्टीनं पार्किंग हा फार उपयुक्त विषय आहे. तरी महाराणी तशाच टणक.

मग भाचा म्हणाला, खेळल्याशिवाय खरी रुळत नाही. सकाळी तो मला कमाटीबागेत घेऊन गेला. कमाटीबाग म्हणजे सयाजीबाग. सयाजीरावांनी ती १८७९ साली रयतेसाठी केली, म्हणजे अशा प्रसंगाची त्यांना कल्पना असणं शक्य नव्हतं. भाचा, त्याचे दोन मित्र आणि मी असे गोलात उभे राहिलो. या गोलात एक शिस्त असते: चुकलात तरी सॉरी म्हणायचं नाही. अख्खी नोकरी काउंटरवर दिलगिरी व्यक्त करण्यात गेलेल्या माणसाला हे फार जड जातं. बॅग आली की मी पाय उचलायचो, ती गेली की पाय वर पोचायचा आणि तोंडातून "सॉरी" निघायचं. पोरं दर वेळी "नो सॉरी, मामा" म्हणायची आणि मी त्याबद्दल पुन्हा सॉरी म्हणायचो. अमेरिकेत टेड मार्टिन नावाच्या माणसानं १९९७ साली ६३,३२६ वेळा ती पायानं उडवली, एकदाही खाली न पाडता, पावणेनऊ तासांहून जास्त वेळ. हे मला विश्रांतीच्या वेळी सांगण्यात आलं, उत्साह वाढावा म्हणून.

फिरायला आलेले एक गुजराती काका थांबून बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "भाई, आमां जीते कोण?" जिंकतो कोण, हा प्रश्न इतका रास्त होता की पोरांना उत्तर देता येईना. तेवढ्यात माझा पाय एकदाचा बरोबर बसला. इतका बरोबर, की बॅग कठड्यावरून थेट विश्वामित्रीच्या उतारावर गेली. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, विश्वामित्रीत मगरी आहेत. प्राणिसंग्रहालयातल्या वेगळ्या, या मोकळ्या. पुराच्या दिवसांत त्या रस्त्यावरही येतात. भाच्यानं कठड्यावरून वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मामाची किंमत नव्वद शिवणींपेक्षा जास्त की कमी, याचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. बागेच्या माळीबुवांनी लांब बांबूनं बॅग ओढून दिली. त्यांनी ती हातात दाबून पाहिली आणि म्हणाले, "बहु कठण छे."

मी दोन दिवस सोफ्यावर पाय वर करून पडलो आणि बॅग टीपॉयवर पडली. ती आईनं उचलली.

आईची बोटं सांधेदुखीनं आखडतात. डॉक्टरांनी मऊ चेंडू दाबायला सांगितला होता; रबराचा वास देवाच्या वेळी नको म्हणून तो तिनं कधीच पलंगाखाली ढकलला होता. जपमाळेचे मणीही आताशा तिच्या बोटांना नीट लागत नाहीत. बॅग मात्र लागली. एका तुकड्यावर अंगठा दाबायचा, नाव घ्यायचं, पुढच्या तुकड्यावर जायचं. मी विचारलं, "आई, यात एकशे आठ कसे मोजतेस?"

"त्यात काय? बत्तीस त्रिक शहाण्णव. वर हे लाल बारा."

भाचा जेवता जेवता थांबला. तीन फेऱ्या पूर्ण आणि वर बारा पंचकोन, बरोब्बर एकशे आठ. एकही तुकडा दोनदा न घेता ती सगळ्यांवरून कशी फिरते, याचा नकाशा त्यानं त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर काढायला घेतला. आजीला विचारलं तर म्हणाली, "मला काय ठाऊक, अंगठ्याला विचार."

सकाळ, दुपार, संध्याकाळ. मी चिडून दाबत होतो, ती शांतपणे दाबत होती, एवढाच काय तो फरक. पण श्रावण संपेपर्यंत बॅग अशी काही सैलावली की तळहातावर ठेवताच पसरायची. भाच्यानं ती अलगद उचलली, अंगणात गेला, चवड्यावर सोडली. बॅग पायावर आली आणि तिथेच राहिली. त्यानं पाय हलवला, ती हलली नाही. तो ओरडला, मामी धावली, मीही लंगडत गेलो. आणि मागून आई आली.

"नामस्मरणाची वस्तू पायानं उडवतोस?"

"आजी, ती पायासाठीच शिवलीय!"

"शिवली असेल पायासाठी. रुळली देवाच्या नावानं."

याला इंजिनिअरिंगमध्ये उत्तर नाही. बॅग गोमुखीत गेली ती गेली.

दुसरी बॅग शिवायला हिनं दिवाळीपर्यंत वाट बघायला लावली आणि भाच्याकडून वर्षभराचा टॉवेल वाळत घालण्याचा करार करून घेतला. या वेळी सगळे तुकडे एकाच निळ्या रंगाचे, म्हणजे आईला लाल बारा सापडू नयेत. ती रुळवायला मात्र आईइतका हात कोणाचाच नाही, हे मीसुद्धा मान्य केलं. बरीच बोलणी होऊन तडजोड ठरली: आईनं बॅग फक्त रात्री टीव्हीवरची मालिका बघताना दाबायची आणि त्या वेळात देवाचं नाव घ्यायचं नाही. मालिका चालू असते तोवर धोका नसतो, आई सुनेच्या बाजूनं भांडण्यात गुंतलेली असते. प्रश्न जाहिरातींचा. जाहिराती लागल्या की तिचे ओठ हलू लागतात. म्हणून जाहिरातींच्या वेळी तिच्याशी बोलत राहायचं काम मला देण्यात आलं आहे.

विषय पुरवून पुरवून वापरतो. नातेवाइकांची लग्नं झाली, शेजाऱ्यांची ऑपरेशनं झाली, पार्किंग दोनदा झालं. परवा जाहिराती लांबल्या आणि काही सुचेना, म्हणून घाईघाईनं खंडेराव मार्केटातल्या तुरीच्या शेंगांचा भाव सांगून टाकला.

"किती म्हणालास?"

मी पुन्हा सांगितला.

"अरे रामा!" आई म्हणाली. मग गप्प झाली, हातातल्या बॅगेकडे बघितलं आणि मला गोमुखी आणायला सांगितली.