गाडीच्या मागच्या दारातून कोण उतरतं?

गणपती जवळ आले की ठाण्यात रुग्णवाहिकांच्या लोकार्पणाचे फलक लागायला लागतात. नवीकोरी पांढरी गाडी, बॉनेटवर झेंडूचा हार, फुटलेला नारळ, आणि गाडीच्या दोन्ही अंगांना साहेबांचे एवढे मोठे फोटो की आणीबाणीचा नंबर शोधावा लागतो. या गाड्यांवर माझा राग नाही. शाखेची, मंडळाची, ट्रस्टची अँब्युलन्स ही आपल्या शहराची जुनी आणि चांगली सवय आहे. रात्री दोन वाजता लोकमान्यनगरातली एखादी बाई ज्या नंबरावर हक्काने फोन लावते, तो बहुतेक वेळा अशाच एखाद्या गाडीचा असतो. मला फक्त एक विचारायचंय. त्या फोटोत ड्रायव्हर साहेबांच्या हातून चावी घेताना दिसतो. मागे पेशंटजवळ जो बसणार आहे, तो कुठे आहे?

मी ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात कॅज्युअल्टीत, म्हणजे आणीबाणीच्या विभागात, सिस्टर आहे, बरीच वर्षं. कुठलं रुग्णालय ते विचारू नका, नोकरी करायची आहे. अँब्युलन्स पोर्चमध्ये लागली की मामा, म्हणजे आमचे वॉर्डबॉय, ट्रॉली घेऊन धावतात, मी मागचं दार उघडते आणि पुढचं सगळं त्या पहिल्या दहा सेकंदांत कळतं. पेशंटच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आहे, पण सिलिंडर उघडलेलाच नाही, कारण चावी सापडली नाही. बेशुद्ध माणूस सपाट उताणा झोपवलाय, उलटी घशात, जीभ मागे पडलेली. मुलगा आईचा हात धरून बसलाय, बाकी गाडीत कुणी नाही. पुढून ड्रायव्हर उतरतो, घामाने भिजलेला, आणि म्हणतो, "सिस्टर, नितीन कंपनीपासून आठ मिनिटांत आणलं." खरंच आणलेलं असतं. त्याला मी कधी काही बोलत नाही. त्याला जे शिकवलं, ते त्याने चोख केलं. मागे काय करायचं हे कुणी शिकवलंच नाही, आणि शिकवलं असतं तरी स्टिअरिंग सोडून मागे जाणार कसा?

एकदा एक रिक्षावाले काका आले. रस्त्यात गाडी बाजूला घेऊन बरळत होते, लोकांनी दारू प्यायलेत म्हणून बराच वेळ तसंच बसवून ठेवलं होतं. अँब्युलन्सवाल्यानेही येताच सांगितलं, "पिऊन आहे." आम्ही बोटाला टोचून साखर बघितली, ती तळाला गेलेली. ग्लुकोज शिरेतून गेलं आणि थोड्या वेळात काका उठून बसून विचारायला लागले की माझी रिक्षा कुठंय. मधुमेहाची गोळी घेऊन, न जेवता धंद्याला निघालेले. साखर बघायचं मशीन गाडीत असतं आणि ते वापरणारा माणूस असता, तर हे निदान वागळे इस्टेटमध्येच, फूटपाथच्या कडेला झालं असतं. त्या मशीनचा खर्च गाडीवरच्या एका फोटोच्या छपाईत निघतो.

गाडी वेगाने नेली की झालं, ही समजूत ठाण्यात तर अजिबात चालत नाही. कासारवडवलीहून संध्याकाळी सात वाजता निघा. वाघबीळ, मानपाडा, कापूरबावडी. मेट्रोचं काम, खड्डे, जड वाहनं. सायरन वाजवून वाजवून ड्रायव्हरचं डोकं उठतं आणि पुढची गाडी सरकायला जागाच नसते. त्या बिचाऱ्याने जायचं तरी कुठे? रस्ता आपल्या हातात नाही. मग हातात काय आहे? गाडी जिथे अडकलीय तिथेच उपचार चालू असणं. हृदय बंद पडलं तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला सुरुवात होते. छाती दाबली नाही, शॉक दिला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घसरते. मानपाड्याचा सिग्नल यातली सगळी मिनिटं खाऊन टाकतो. मागे बसलेल्याला मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल छाती दाबता आली, तर त्या सिग्नललाही काही अर्थ उरतो.

आणि कुठे न्यायचं, हा निर्णय तर कुणी मोजतच नाही. तोंड वाकडं झालंय, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, म्हणजे पक्षाघात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. अशा पेशंटला घराजवळचं म्हणून सीटी नसलेल्या नर्सिंग होममध्ये नेलं, तिथून दुसरीकडे, तिथे बेड नाही म्हणून तिसरीकडे, की गेले तीन तास. शिकलेला माणूस दारातच दोन प्रश्न विचारतो. शेवटचं नीट कधी बोलले? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? आणि वाटेतूनच आम्हाला फोन करतो. असा फोन आला की आम्ही सीटीचं टेबल रिकामं करून ठेवतो. काही खासगी गाड्या पेशंट कुठे न्यायचा हे कुठल्या रुग्णालयाकडून कट मिळतो त्यावर ठरवतात, हे उघड गुपित आहे. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी, आत्ता बीपी वाढवायचं नाही.

"पण १०८ आहे ना?" आहे, आणि तिला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. २०१४ मध्ये ती राज्यात सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ अॅडव्हान्स लाइफ सपोर्टच्या, म्हणजे गंभीर पेशंटसाठी जास्त साधनं असलेल्या. आपल्याकडे तिच्यात डॉक्टर असतो, बहुतेक आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर. मोठ्या अपघातात हे लोक जे काम करतात ते मी पाहिलंय. पण जिल्हा केवढा, शहापूरपासून मिरा-भाईंदरपर्यंत, आणि गाड्या किती? म्हणून तर मंडळांच्या गाड्या लागतातच. मात्र गाडीत डॉक्टर, नाहीतर नुसता ड्रायव्हर, अशी दोनच टोकं धरल्यामुळे मधला माणूस आपल्याकडे घडलाच नाही. हैदराबादला २००५ मध्ये १०८ सुरू झाली ती प्रशिक्षित तंत्रज्ञांच्या जोरावर. आपण ती पायरी ओलांडून पुढे गेलो आणि आता खाली बघतो तर पायरीच नाही.

हा मधला माणूस वस्तीतूनच घडवता येतो, हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्गची गोष्ट मला आमच्या एका भूलतज्ज्ञ सरांनी नाइट ड्यूटीला सांगितली, मग मी शोधून शोधून वाचली. तिथे १९६०च्या दशकात आजारी माणसाला न्यायला पोलिसांची गाडी यायची. मागे स्ट्रेचर, आणि दोन्ही पोलीस पुढे. (ओळखीचं वाटतंय?) हिल डिस्ट्रिक्ट ही तिथली कृष्णवर्णीयांची वस्ती, तिथे फोन केला तर गाडी येईलच याचा भरवसा नाही, आणि आली तरी पोलिसांच्याच गाडीत बसायचं. त्याच शहरात पीटर सफार नावाचे भूलतज्ज्ञ होते, तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं यांची सांगड घालून आजचा सीपीआर ज्यांनी उभा केला ते. १९६६ मध्ये त्यांची स्वतःची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. त्याच वर्षी राज्याचे माजी गव्हर्नर भर सभेत कोसळले, आणि त्यांनाही पोलिसांच्याच गाडीतून नेलं. तेही वाचले नाहीत.

१९६७ मध्ये फ्रीडम हाऊस नावाच्या संस्थेबरोबर सफारांनी काय केलं? त्याच वस्तीतले बेकार तरुण घेतले. कुणी शाळा अर्धवट सोडलेला, कुणी व्हिएतनामच्या युद्धावरून आलेला, कुणी तुरुंगाची हवा खाऊन आलेला. ज्यांना शहराने कामाचं मानलं नव्हतं, त्यांना सुमारे ३०० तासांचं प्रशिक्षण दिलं: शरीररचना, श्वासमार्ग, रक्तस्राव, बाळंतपण, आणि वर्गाबरोबर रुग्णालयात प्रत्यक्ष काम. पुढे १९७४ मध्ये नॅन्सी कॅरोलाइन नावाच्या डॉक्टरबाई त्यांच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या आणि स्वतः पोरांबरोबर गाडीत बसून फिरू लागल्या. या वस्तीतल्या कामावरून तिथल्या देशभराच्या पॅरामेडिक, म्हणजे गाडीत उपचार करणाऱ्या माणसाच्या, अभ्यासक्रमाचा पाया रचला गेला. माझा आवडता माणूस जॉन मून. तो रुग्णालयात ऑर्डर्ली होता, म्हणजे आपले मामा. एक दिवस फ्रीडम हाऊसचे दोघं स्ट्रेचर घेऊन वॉर्डात आले, त्यांचा रुबाब पाहिला, आणि यानेही ठरवलं की आपण हेच व्हायचं. आमच्या कॅज्युअल्टीतल्या एका मामांना मी हे सांगितलं, तर म्हणाले, "सिस्टर, मी रोज ट्रॉली ढकलतो, मला कोण शिकवणार?" काय उत्तर देणार?

याचा पुढचा भाग सांगितल्याशिवाय मात्र कुणी या गोष्टीवर टाळ्या वाजवू नयेत. १९७५ मध्ये पिट्सबर्ग शहराने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाऊस बंद केलं. जुन्या लोकांना घेतलं, पण बाजूला बसवलं. ज्यांनी हे काम उभं केलं, त्यांच्यावर नवशिके साहेब म्हणून आणले. बरेच जण बाहेर पडले. मून टिकला आणि पुढे शहराच्या सेवेत वरच्या पदापर्यंत पोचला, पण तो अपवाद. मी मंडळांना पोरं शिकवा म्हणते तेव्हा माझ्या डोक्यात हेच असतं. नुसतं शिकवून भागणार नाही. हातात असा कागद हवा, जो उद्या महापालिकेतही चालेल. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअरच्या, म्हणजे डॉक्टर-नर्सखेरीज इतर आरोग्यसेवकांच्या, केंद्रीय कायद्याने आणीबाणीतल्या वैद्यकीय तंत्रज्ञांना व्यावसायिक म्हणून यादीत घेतलंय. तेव्हा मान्यता असलेल्या संस्थेतूनच शिकवा. एका दुपारचं शिबिर, शेवटी वडापाव आणि गोल शिक्क्याचं प्रमाणपत्र, एवढ्यावर माणूस गाडीत बसवू नका.

शिबिरं वाईट असं नाही हं. कंडक्टरचा बॅज काढताना प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्यात दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची पेटी आणि ती सांभाळणारा प्रशिक्षित माणूस लागायचा. पण पहिली पाच मिनिटं सांभाळणं वेगळं आणि कॅज्युअल्टीपर्यंत पेशंटची जबाबदारी घेणं वेगळं. या दुसऱ्या कामासाठी छाती दाबायच्या सरावाच्या पुतळ्यावर हात दुखेपर्यंत सराव लागतो. अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, नीट धरायला लागते, मान न हलवता चौघांनी मिळून माणूस फळीवर घ्यायला लागतो, आणि किसननगरच्या अरुंद जिन्यावरून चौथ्या मजल्याचे आजोबा खाली आणायला लागतात. हे शेवटचं कुठल्याही परदेशी पुस्तकात नाही. आज आपण त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणतो, आणि हृदयविकाराचा पेशंट असेल तर नातेवाईक म्हणतात, "चालतील ते, चालतील." नका चालवू.

पोरं येतील का, असं विचारणाऱ्यांना मी दहीहंडी दाखवते. थर लावायला महिनोन्महिने रात्री सराव करणारी, एकमेकांच्या खांद्यावर जीव सोपवणारी, वेळ पाळणारी पोरं आणि पोरी या शहरात गल्लोगल्ली आहेत. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं रुळांवर पडली. अशा वेळी रुळांजवळचाच कुणीतरी आधी पोचतो. धाडस असतं, हात असतात. दगडांवर पडलेल्या माणसाला खांद्या-पायाला धरून उचलताना त्याच्या मणक्याचं काय होतं, हे माहीत नसतं, एवढंच. मदत केली म्हणून पोलीस त्रास देतील ही भीती मात्र आता सोडा. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय.

"शिकतील आणि आखातात पळतील," हे मला एका मंडळाच्या अध्यक्षांनी ऐकवलं. पळतीलच, बारा तासांच्या पाळीला ड्रायव्हरपेक्षा कमी पैसे दिले तर. गाडी एकदा घेऊन होते, पगार दर महिन्याला लागतो, आणि पगारावर फोटो छापता येत नाही. खरी अडचण ही आहे. मुंबईत २००५ मध्ये सुरू झालेल्या १२९८ या अँब्युलन्स सेवेने एक सोपा हिशोब मांडला होता: मोठ्या खासगी रुग्णालयात जाणारा पूर्ण पैसे देईल, सरकारी रुग्णालयात जाणाऱ्याकडून कमी घ्यायचे. ठाण्यात घोडबंदरचे टॉवरही आहेत आणि कळव्याचं महापालिकेचं रुग्णालयही. तो हिशोब इथे नक्की बसतो. शिवाय पुढच्या तीन वर्षांत नवी गाडी घ्यायची नाही, असं ठरवलं तरी त्या पैशांत असलेल्या गाडीवर दोन पाळ्यांची शिकलेली माणसं बसतील.

आमच्या शेजारच्या मंडळाच्या पोरांशी माझं बोलणं झालंय. या वर्षी सजावटीतून थोडे पैसे काढून सरावाचा पुतळा घ्यायला ते तयार आहेत. आमच्या दोन सिस्टर आणि ते भूलतज्ज्ञ सर रविवारी सकाळी वेळ देतील. हा फक्त सराव, पुढचा रीतसर कोर्स करायची ज्याची तयारी असेल त्याची फी गोळा करू. सध्या अडलंय ते जागेसाठी. वर्तकनगर किंवा लोकमान्यनगर भागात रविवारी वर्ग मोकळा देणारी शाळा कुणाच्या ओळखीची असेल तर मला मेसेज करा. पंखा चालू असला पाहिजे, छाती दाबताना घाम फार येतो. आणि पुतळा आधीच विकत घेऊन कुठल्या कंपनीच्या सेफ्टी डिपार्टमेंटच्या कपाटात धूळ खात पडला असेल, तर तो आधी सांगा.